बसक्याचा दुसरा अल्बम

बसक्याने लग्नाचं गाणं म्हटलं तरी घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटायचं. त्याचा आवाज ऐकून गोरेगाव नावाच्या आमच्या खेड्यातली दर दुसरी बाई त्याला ज्येष्ठमध चघळायला सांगायची. नांदेडला इंजिनिअर व्हायला गेला होता, परत आला तो गिटार घेऊन. "ह्याला रॉक म्हणतेत," तो आम्हाला समजवायचा, "आवाज आतून फाटला पायजे." गावाने शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याचं नाव बसक्या ठेवलं. आईबापांनी ठेवलेलं नाव आधार कार्डापुरतं उरलं.

पोटासाठी त्याने माझ्या वह्या-पेनांच्या दुकानाशेजारी मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं. पहिला अल्बम त्याच्या स्वतःच्या गाण्यांचा होता. तो त्याने ऐकला आणि मी ऐकला. मी फार आवडला म्हणून सांगितलं, कारण माझा इन्व्हर्टर तोच दुरुस्त करायचा. मग त्याने जाहीर केलं, "दुसरा अल्बम कव्हरचा काढून राहिलो." म्हणजे दुसऱ्यांची गाणी आपल्या ढंगाने. लोक येऊन विचारायला लागले, कोणत्या मोबाईलला बसंल?

ही गाणी होती त्याच्या गयाआत्याची. गावातल्या प्रत्येक हळदीला ती गायची. तिची स्वतःची सोयरीक हळदीच्या तोंडावर मोडली होती आणि पुन्हा जमवायची तसदी कुणी घेतली नाही. हळद लावायला सवाष्णच लागते. गायला मात्र आत्या चालायची. गावाला त्यात काही वावगं वाटत नसे. आता ती थकली होती, म्हणून बसक्याला घाई होती. तिच्या देखत गाणी व्हायला हवी होती.

त्याने सगळ्या गाण्यांची लय संथ केली. आत्या वैतागली. "काहून असं म्हणून राहिला रे? लगीन हाय का मयत?"

"तू बी असंच म्हणायचीस आत्या," तो म्हणाला. "तुहे डोळे बघितलेत मी."

आत्याने मग त्याला पुढची ओळ सांगितली.

एका गाण्यात मात्र तो अडला. 'कोण बसली पाटावर?' असं विचारायचं आणि उत्तरात त्या दिवशीच्या नवरीचं नाव घ्यायचं. अल्बमला नवरी कुठून आणायची? तिथे तो नुसता गुणगुणायचा आणि स्वतःवरच चिडायचा. "बिनानवरीचं बराबर वाटत न्हाई," म्हणून त्याने आत्यालाच विचारलं.

"कुणाचंबी नाव घाल. नवरी ती नवरी," ती म्हणाली.

गाणं तयार झाल्यावर त्याने तिला दुकानात बसवून कानाला हेडफोन लावला. ती मान डोलवत ऐकत होती. मग मान थांबली. बसक्याने त्या जागी 'गया' घातलं होतं.

गाणं संपल्यावर तिने हेडफोन काढला. "घसा बसलाय तुहा. काढा करून देते," म्हणाली आणि पायऱ्या उतरली. अर्ध्या वाटेतून परत आली. "पुना लाव बरं."

मला रडू आलं. समोर गिऱ्हाईक होतं, तरी आलं.

तो अल्बमही काही चालला नाही. हे एक गाणं मात्र फुकटात मिळत असल्यामुळे डीजेवाल्यांना आवडलं. आत्या पुढच्या उन्हाळ्यात गेली. बसक्या आता पुण्यात एका हॉटेलात गातो; तो गात असताना लोक जेवत असतात.

परवा शिरड शहापूरला माझ्या भाचीच्या, वैष्णवीच्या, हळदीत तेच गाणं लागलं. उष्टी हळद घेऊन आलेली नवऱ्याकडची एक बाई थबकली. "नवरी तर वैष्णवी. मंग ही गया कोण म्हणावं?"

सोयरीक मोडलेल्या बाईचं नाव अशा वेळी निघू नये, म्हणून मी गाणं बदलायला उठलो. बहिणीने पिवळ्या हाताने मला अडवलं.

"राहू दे दादा. आमची आत्या हाय ती. आधी तिला लागू द्या. तिची उष्टी मंग माझ्या लेकीला."

मी हे बसक्याला फोनवर सांगितलं. पलीकडे हॉटेलातल्या भांड्यांचा आवाज येत होता.

"थांब जरा भाऊ," तो म्हणाला. "घसा बसलाय."