हळदीचा कागद

कपाशीवर बोंडअळी पडायची त्या वर्षांत मी घाटंजीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. नुसतं वाचून मुलांना आम्ल नि आम्लारी कळेनात, म्हणून म्हटलं, घरून काहीही पातळ आणा, हळदीच्या कागदावर तपासू. कुणी ताक आणलं, कुणी राखेचं पाणी. सातवीतल्या एका मुलीनं बाटली उघडली आणि फवारणीच्या विषाचा उग्र वास आला.

"हे काय आहे?"

"कपाशीचं औषध, सर. म्याच भरलं."

"हाताला लागलं?"

"थोडंसं."

बाटली बंद करून वर्ग बाहेर काढला. साबणानं तिचे हात पुन्हा पुन्हा धुतले आणि दुपारपर्यंत तिचा श्वास बघत बसलो.

"सर, मले काही होऊन नाही राह्यलं," ती म्हणाली.

खरंच काही झालं नाही. पण 'काहीही आणा' असं पुन्हा म्हणायचं मला धाडस झालं नाही.