खांडेनवमीचा नमुना

झिंक ऑक्साइडच्या काड्या काचेवर उगवून आणायच्या, केसापेक्षा कितीतरी बारीक आणि सरळ उभ्या, एवढंच माझं काम होतं. आमच्या शेतात ज्वारी उगवते तशा त्या उगवत नाहीत, हे कळायला मला चार वर्षं लागली. बाटलीत द्रावण, द्रावणात काच, बाटली ओव्हनमध्ये सहा तास. सूक्ष्मदर्शकाचे फोटो बाहेरगावाहून यायचे आणि दर वेळी तेच, जाड आखूड खुंट. बारीक काडी मिळाली नाही तर पीएचडी नाही, आणि मुदत मार्चमध्ये संपत होती. घरचे "झालं का गं?" म्हणायच्या आत मी येरमाळ्याहून धाराशिवची पहिली एसटी धरायचे.

खांडेनवमीला नमुना ठेवून मी ग्रंथालयात गेले. परत येते तर ओव्हन बंद. त्याच्या दारावर हळदीकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल, आणि प्रयोगशाळेतले कंत्राटी मामा हात जोडून उभे.

"मामा, कुणी बंद केलं हे?"

"म्याच केलं, ताई. खांडेनवमी हाय. अवजाराला आज इसावा द्यावा लागतो. दोन तास झाले बगा. लई राबलंय बिचारं."

माझं डोकंच फिरलं. बापाच्या वयाचा माणूस, पण मी नाही नाही ते बोलले. "तुमच्या पूजेपायी माझी चार वर्षं पाण्यात गेली!" मामा फडकं आणून दारावरचं कुंकू पुसायला लागले. मी ओव्हन पुन्हा सुरू केला आणि त्याच तिरमिरीत लेखी तक्रार दिली. दसरा झाल्यावर त्यांचं कंत्राट वाढवलं नाही. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा बरंच वाटलं.

फोटो दिवाळीनंतर आले. खांडेनवमीच्या त्या एकाच नमुन्यात काड्या सुईसारख्या उभ्या होत्या. मध्येच थंड झाल्यानं जाडी थांबली होती, पुढची वाढ नुसती उंचीला गेली होती. तसंच आणखी तीनदा करून पाहिलं, तीनदा जमलं.

अणदूरला मामांच्या घरी जायचं कितीदा ठरवलं. बैल गेला अन् झोपा केला, आता जाऊन सांगणार काय? लाज वाटली, गेले नाही. प्रबंध मात्र वेळेत दिला. त्यात पद्धतीच्या प्रकरणात माझं एक वाक्य आहे: 'काड्यांची जाडी रोखण्यासाठी संशोधिकेने ओव्हन दोन तास मुद्दाम बंद ठेवला.'