न्हाणीघराची खिडकी

फुमिएकाकूंचं लग्न त्यांच्या वडिलांनी ठरवलं, घर सासऱ्यांनी बांधलं, मुलाचं नाव नवऱ्याने ठेवलं. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या मर्जीने एकच गोष्ट निवडली. बैठकीची खिडकी.

जपानच्या डोंगराळ भागातल्या शिओजिरीत आमचं काचेचं दुकान आहे. मोजमाप घ्यायला बाबांबरोबर मी जाते, टेपचं दुसरं टोक धरायला. म्हणून ती निवड मी डोळ्यांनी पाहिली.

तिच्यामागे आदल्या हिवाळ्यातलं एक वाक्य होतं. तोक्योहून काकूंच्या विहीणबाई आल्या होत्या. बैठकीत बसल्या, चहा घेतला, काकूंच्या हातचं पालेभाजीचं लोणचं वाखाणलं, पण अंगातला ओव्हरकोट काढला नाही. निघताना म्हणाल्या, "तुमच्याकडची हवा किती ताजी असते हो. अगदी घरातसुद्धा!" वर्षभर काकू ते वाक्य चघळत होत्या. यंदा नवीन वर्षाला विहीणबाई पुन्हा येणार होत्या.

बाबांनी सगळं घर मोजलं. बैठकीतल्या रजई घातलेल्या गरम मेजाखाली पाय घालून कियोकाझूकाका वर्तमानपत्र वाचत होते. बाबा म्हणाले, "सरकारी अनुदान धरूनही तुम्ही म्हणता तेवढ्या पैशांत एकच काम बसेल. एक तर ही बैठकीची मोठी खिडकी, नाही तर न्हाणीघर आणि त्याच्या बाहेरची कपडे बदलायची जागा. मला विचाराल तर आधी न्हाणीघर. तिथे काचेच्या पट्ट्या आहेत. बंद केल्या तरी वारा आत येतो."

"न्हाणीघर?" काकू हसल्याच. "अहो, घरातली सगळ्यात उबदार जागा ती! मला तर तिथून बाहेर पडवत नाही."

बाबांनी काकांकडे पाहिलं. "साहेब, तुमचं काय म्हणणं?"

"मला काय विचारता? घर ती बघते." काकांनी पान उलटलं. "आणि मी काय पाहुणा आहे, थंडी वाजायला?"

"बघा," काकू म्हणाल्या, "चाळीस वर्षं गावभर पत्रं वाटली ह्या माणसाने. घरात कधी दोन ओळी दिल्या नाहीत."



मग बाबांनी काचेचे नमुने मांडले आणि लायटर पेटवून त्यांच्यासमोर धरला. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. उष्णता अडवणारा लेप असला तर त्यातलं एक तांबूस दिसतं. काकू लहान मुलीसारख्या वाकून बघत होत्या. "ही. ही तांबडी ज्योतवाली," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे न बघता होकार देऊन मोकळ्या झाल्या.

नोव्हेंबरात एका दिवसात काम झालं. जुन्या खिडकीच्या आतून दुसरी खिडकी. बैठक अशी उबदार झाली की काकू शेजारणींना मुद्दाम बोलावून कोट काढायला लावत.

डिसेंबरच्या मध्यावर, संध्याकाळी पाचला, काका नेहमीप्रमाणे आंघोळीला गेले. काकू मुळा शिजवत होत्या. मुळा शिजला, भात झाला. काका बाहेर आले नाहीत.

डॉक्टर आमच्याच गल्लीतले. गार फरशीवर उघड्या अंगाने बसायचं आणि तसंच कढत पाण्यात उतरायचं, हृदयाला झेपत नाही, दर हिवाळ्यात पाहतो, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "तिथे हीटर नव्हता का?"

"गरजच नव्हती," काकू म्हणाल्या. "उबदार असतं तिथे."

"काकू, तुम्ही आंघोळीला कधी जाता?"

"यांच्यानंतर. आधी सासरे, मग हे, मग मुलगा. मी सगळ्यांच्या..."

बेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वाफेने तापलेल्या न्हाणीघरात त्या गेल्या होत्या. पहिली आंघोळ हा घरच्या कर्त्याचा मान. त्या मानात काय असतं, हे त्यांना ठाऊक असायचं कारणच नव्हतं.

काकांना बैठकीत निजवलं. घरातली चांगली खोली तीच. अंत्यविधीवाल्याने त्यांच्या अंगाशी बर्फ ठेवला, शेगडी बंद केली, थोडा वेळ थांबला आणि अवघडून म्हणाला, "ही खोली गारच होत नाही हो. खिडक्या उघडल्या तर चालेल का?"

काकूंनी मान हलवली. त्याने आधी आतली खिडकी सरकवली, मग बाहेरची. दोन दिवस लोक येत राहिले. सगळे काळे कोट अंगात ठेवूनच बसले. विहीणबाईही. हवेबद्दल त्या या वेळी काही बोलल्या नाहीत.

जानेवारीत काकू दुकानात आल्या. बाबा उठून उभे राहिले. "ती न्हाणीघराची खिडकी मी करून देतो. पैशांचं बोलू नका."

"किती अंशांचा फरक पडला असता?"

"तसं सांगता येत नाही, काकू."

"तुम्हाला येतं. सांगत नाही एवढंच."

बाबा टेप गुंडाळत राहिले. ती आधीच गुंडाळलेली होती.

"मी पाचलाच जाते आता," काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या. "माझ्याआधी जायला आहे कोण? हे आत गेले की पहिला तांब्या घेताना 'हाऽऽ' असा आवाज यायचा. रोज. मी इकडे भाजी चिरत म्हणायचे, किती सुख वाटतंय माणसाला." त्यांनी हातमोजे घातले. "परवा त्या गार फरशीवर बसले, आणि तोच आवाज माझ्या तोंडून आला."

"काकू, खिडकी..." बाबा म्हणाले.

"राहू दे ती तशीच."

दुकानाचं दार त्यांनी नीट लावून घेतलं. ते पुरतं बसत नाही, थोडं उचलून ढकलावं लागतं. त्यांनी तेही केलं.