बापाच्या कानातला कापूस

अंबाजोगाईच्या दवाखान्यातून निघालेल्या लोकांनी भरलेल्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर चारेक वर्षांची पोरगी, तिच्या उजव्या कानात कापूस. काही सांगायचं झालं की तो वाकून तिच्या डाव्या कानाशी तोंड न्यायचा. ओरडून मात्र एकदाही बोलला नाही.

"सारखा फुटतोय कान," तो म्हणाला. "डाक्टर म्हनले, कोरडा ठिवा, न्हाईतर पुढं ऐकूच येनार न्हाई."

"तेल घालत नाही ना?" मी जरा दरडावूनच विचारलं. आपल्याकडे कान दुखला की लसणाचं तेल ठरलेलं.

तो हसला. "माझी आई ऐकती व्हय? आमा सगळ्यांचे कान तिनं तेलानंच बरे केलेत. रोज सांजच्याला वाटी कोमट करून बसती. मग मीच तिच्या मांडीवर डोकं ठिवतो. म्हनतो, आई, माझा लई ठनकायलाय, आदी माझ्यात घाल."

"आणि पोरीच्या?"

"तवर पोरगी झोपती."

त्याचा फाटा आला. तिथे म्हातारी वाट बघत उभी होती. ती दिसताच त्याने खिशातून कापसाचा बोळा काढून स्वतःच्या धडधाकट कानात घातला, पोरीला कडेवर घेतलं आणि चेहरा दुखरा करून उतरला.

म्हातारीने नातीच्या गालावरून हात फिरवला. मग त्या एवढ्या मोठ्या बाप्याचं डोकं दोन्ही हातांनी खाली ओढून त्याच्या कानावर हलकेच फुंकर घातली. एसटी हलली तरी तो तसाच वाकून उभा होता.