निळीचं बी

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला. डोळे साथ देईनात म्हणून दुकान बंद केलं आणि माणूस जो खिडकीशी बसला, तो बसलाच. चहा दिला तर घ्यायचे, नाही दिला तर मागायचे नाहीत. स्वतःच्याच घरात इतकं अंग चोरून राहायचे की त्यांच्यापेक्षा पाहुणा बरा.

त्यांची सून वनस्पती उद्यानात बियांच्या कामाला होती. एका सुट्टीला तिनं त्यांना जवळजवळ ओढतच शहराबाहेरच्या माळावर नेलं. "बाबा, बी गोळा करायला मला मदत हवीय," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. दोन दिवसांनी तिथे इमारतीची खोदाई सुरू होणार होती. त्या माळावरच्या गवतात निळ्या फुलांच्या एका रानटी जातीची, निळीची, थोडी झुडपं उरली होती, आसपास दुसरीकडे कुठेच नाहीत. पंचाईत अशी की, त्यांच्या शेजारीच पिवळ्या फुलांची एक जात माजली होती. फुलं गळली की दोघींची पानं, शेंगा, बी अगदी एकसारखं. म्हणून सुनेनं ऐन बहरात येऊन निळीच्या प्रत्येक झुडपाला बुंध्याशी लाल दोरा बांधून ठेवला होता.

हे मास्तरांना सांगायचं मात्र राहिलं. ती पिशव्या आणायला गाडीपाशी गेली, तिथे फोन आला, आणि परत येऊन बघते तर मास्तर एकदम खुशीत! जन्मभर कपड्यांवरचे सुटे दोरे काढलेला माणूस तो. त्यांनी झुडूप न् झुडूप शोधून सगळे दोरे सोडवले होते आणि बोटावर नीट गुंडाळून घेतले होते.

"कोण बांधतं गं असं? काचत होतं बिचाऱ्यांना."

सुनेनं आता एकसारख्या दिसणाऱ्या त्या झुडपांवरून नजर फिरवली. पण तोंडापर्यंत आलेलं तिनं गिळलं. आज कुठे घराबाहेर पडलेला हा माणूस, ओरडलं तर कायमचा खिडकीशी जाऊन बसेल.

"असू दे, बाबा," ती हळूच म्हणाली. "मीच सांगायला हवं होतं. त्या निळीच्या खुणा होत्या."

मास्तर खाली बसले. बराच वेळ एका बुंध्यावरून उगाच बोट फिरवत राहिले, मग शेजारच्या.

"याला लव आहे," ते पुटपुटले.

"कसली लव?"

"फ्लॅनेलला असते तशी. सोडवताना दोरा अडकत होता, सगळीकडेच. आणि हे शेजारचं बघ, हे आपलं गुळगुळीत पॉपलिन."

सुनेनं भिंग लावलं. मातीलगत खरोखरच बारीक पांढरी लव होती. तिनं ही झुडपं आजवर फुलांवरून ओळखली होती, बुंधा चाचपायची वेळच आली नव्हती. ही खूण भरवशाची की योगायोगाची, कोण सांगणार? पण दुसरा इलाजही नव्हता. मास्तर गुडघ्यांवर सरकत बुंधे चाचपत राहिले, "घे", "सोड" म्हणत राहिले, आणि ती वाळक्या शेंगा अलगद पिशवीत उतरवत गेली.

बी गच्चीवर कुंड्यांत पेरलं. मास्तर दिवसभर तिथेच असायचे, पण जेवण निम्म्यावर आलं होतं. रोपं आली, कळ्या धरल्या. घरात रंगाचा विषय कोणी काढत नव्हतं.

एका सकाळी वरून हाक आली, "सूनबाई!" ती ओल्या हातांनी धावत वर गेली. कुंड्यांमधून निळी फुलं उमलली होती. कोपऱ्यात एक पिवळी घुसलीच होती, पण बाकी सगळी निळी. मास्तरांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"आता तरी रागव गं मला," ते म्हणाले.

"हे काय, बाबा?"

"त्या दिवशी 'असू दे' म्हणालीस. दुकानात मी तसं गिऱ्हाइकांना म्हणायचो. आपल्या माणसांना मात्र चांगला झापायचो."

सुनेनं ओले हात कमरेवर ठेवले.

"कोणी सांगितला होता हो नसता उद्योग?" तिचा आवाज फाटला. "एकदा विचारता येत नव्हतं? तोंड शिवून घेतलं होतं का? माझ्या वर्षभराच्या कामावर पाणी पडलं असतं, कळतंय का?"

मास्तर मान खाली घालून ऐकत होते आणि गालातल्या गालात हसत होते.

"बोल," ते म्हणाले. "अजून बोल."