टोपी ठेवायची खुर्ची

माझ्या बायकोला माझं सगळं ठाऊक आहे. मी मॅट्रिकला एकदा आपटलो होतो, विहिरीत उतरायला अजून भितो, झोपेत इंग्रजी बोलतो — सगळं. एका खुर्चीची हकीकत तेवढी तिलाही मी कळू दिली नाही. का नाही? सांगायला बसलो की आधी हसू येतं. आणि हसू ओसरल्यावर जे उरतं, ते तोंडातून बाहेर पडत नाही. म्हणून लिहितो. तुम्ही हसा, हरकत नाही. लिहिताना मीही हसतोच आहे.

आधी मी कोण ते सांगतो. दर्यापुराकडचा कुणब्याचा पोरगा. आमच्या घराण्यात — गावातच म्हणा ना — पहिला बी.ए. मी. अमरावतीच्या कॉलेजात शिकलो आणि अकोल्याला हायस्कुलात इंग्रजीचा मास्तर झालो. हे मी मिरवतो. मिरवण्यासारखंच आहे, लपवू कशाला? आमच्या घरात खुर्ची नव्हती. अमरावतीला एका प्रोफेसरांनी घरी बोलावून वेताच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा मी तासभर तिच्या काठावर टेकून होतो — मोडेल म्हणून, की आपली नव्हे म्हणून, कोण जाणे. पण खुर्ची नव्हती म्हणून पुढचं घडलं, असं मी म्हणणार नाही. खुर्ची नसलेली माणसं वऱ्हाडात लाखांनी आहेत. त्यांनी काही हे केलं नाही.

तर पगार सुरू झाला आणि मला रोग जडला. साहेब लोकांची बदली झाली की बंगल्यावर सामानाची हर्रास व्हायची. पुण्याकडचे लिलाव म्हणतात, आम्ही हर्रास म्हणतो. साहेब नागपूरला नाहीतर विलायतेला चालला, अवजड सामान कुठं नेणार? आवारात झाडाखाली सगळं मांडून ठेवायचे आणि एक माणूस स्टुलावर उभा राहून पुकारा करायचा. मी नुसता बघायला जायचो. खरंच, दर वेळी नुसता बघायलाच! आणि येताना मागून हमाल.

पहिल्यांदा टोप्या टांगायचं झाड आणलं, आठ फांद्यांचं. घरात टोपी एक. बायकोनं त्याच्यावर लसणाच्या जुड्या टांगल्या. मग एक आरसा आणला. पारा उडालेला, त्यात माणूस पाण्याखाली बसल्यासारखा दिसे. मग साहेबाचं तोंड धुवायचं मेज, वर संगमरवराची फरशी. त्यावर बायको पोळ्या लाटायची, आणि झकास लाटल्या जायच्या, हे तिनंही कबूल केलं. पण तीन खोल्यांच्या घरात चालायला वाट उरेना. ती अकोटकडची, तोंडाची सडेतोड. एकदा म्हणाली, "अवो, सामान तं आनलं, आता मानसं कुठी ठेवू?"

मी म्हणालो, स्वस्तात मिळालं. या आजाराचं हे पक्कं लक्षण. गरज आहे का, असं कुणी विचारलं की रोगी किंमत सांगतो.

आणि मग ती खुर्ची.

एक म्हातारे इंजिनेर साहेब विलायतेला परत चालले होते. त्यांच्या हर्राशीत एका बाजूला ही उभी होती. सागवानी, जुनी, कुणी म्हणे साहेबाच्याही आधीच्या साहेबाची. रुंद हात, वेताची पाठ, पाय वाघाच्या पंजासारखे कोरलेले. बैठक पेटीच्या झाकणासारखी उघडायची. उघडलं की आत फळी, आणि फळीला मधोमध गोल, घोटीव भोक. खाली रिकामा कप्पा. आतून फिनेलचा वास. मी विचारात पडलो. हे कशासाठी असेल? बी.ए. माणसाला कळायला नको? माझ्या डोक्यावर उन्हाची सोला टोपी होती. सहज काढली, उलटी करून भोकात ठेवली — आणि काय सांगू, टोपीचं डोकं भोकात, कड फळीवर, अगदी मापात. झाकण लावलं, वर बसलो. झालं! साहेब कामावरून येतो, टोपी काढतो, आत ठेवतो, वर बसतो. काय ही टापटीप! फिनेल कशाला, तर टोपीला कसर लागू नये म्हणून.

मी बोली लावली तेव्हा दुसरं कुणीच बोललं नाही. एक पारशी दुकानदार आणि एक रेल्वेचा गार्ड एकमेकांकडे बघून हसले. मला वाटलं, माझ्या कोटाला हसतात. तीन रुपयांत खुर्ची माझी. पुकारणारा म्हणाला, "आरामात बसा, मास्तर." मी त्याचे आभार मानले.

तुमच्या ध्यानात आलं असेलच. तुम्ही हुशार आहात, किंवा तुम्हाला कुणी आधी सांगितलेलं आहे. मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्याच सुमाराला माझे बाबा गावाहून आमच्याकडे राहायला आले. आयुष्यभर जमिनीवर बसलेला माणूस. त्या खुर्चीवर बसला आणि तिचाच झाला. टोपीची युक्ती मी त्यांना समजावली. त्यांना ती फार पटली. रोज सकाळी पारावर जाऊन आले की झाकण उघडून आपलं पागोटं दोन्ही हातांनी आत ठेवायचे, झाकण लावायचे आणि वर न बसता शेजारी उभे राहायचे. मी म्हणायचो, बसा. तर म्हणायचे, "पागोट्यावर बसू काय गा?" थोडी घटका गेली की मग बसायचे. वऱ्हाडातल्या कुणब्याचं पागोटं म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

शेजारी एक वकील राहायचे. पिढ्यान् पिढ्यांचं शिकलेलं घर, आजोबाही वकीलच. माझ्या सामानाची ते येता-जाता फिरकी घ्यायचे. एकदा खुर्ची बघून म्हणाले, "मास्तर, टोप्यांचं झाड वेगळं, टोप्यांची पेटी वेगळी. साहेबाला डोकी तरी किती होती?"

मी म्हणालो, "झाड पाहुण्यांसाठी, पेटी घरधन्यासाठी." बिनचूक उत्तर. तो विजय मला आठवडाभर पुरला.

आता पाडव्याची सकाळ. दिवाळीचा पाडवा. वकील फराळाला आलेले, गल्लीतले आणखी चार-सहा जण ओसरीवर बसलेले. बाबांना पाहुण्याचा मान करायचा होता. त्यांनी झाकण उघडलं, आपलं पागोटं काढून डोक्यावर घेतलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, टोपी द्या." वकिलांची नवी जरीकाठी टोपी बाबांनी त्या भोकात अशी अलगद ठेवली, जशी देवापुढं वाटी.

त्याच वेळी अंगणात नथ्थू उभा होता. नथ्थू आमच्या गल्लीतला झाडूवाला. दिवाळीची पोस्त मागायला आलेला, म्हणून त्या दिवशी मागच्या दारी न जाता समोर. आमच्याकडे येण्याआधी तो बंगल्यावर कामाला होता. कोणत्या बंगल्यावर, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यानं पागोटं बाहेर येताना पाहिलं, टोपी आत जाताना पाहिली. बाबांवर त्याचा जीव होता. आमच्या घरात त्याच्याशी दोन शब्द बोलणारे तेवढेच. तो हळूच म्हणाला — मोठ्यानं नव्हे, हे मी शपथेवर सांगतो — "बाबाजी, पागोटं नका ठेवत जाऊ त्याच्यात. ते साहेबाचं कमोट हाय जी. सात साल मीच त्याचा डबा उचलला."

वकिलांच्या हातातली चकली तोंडाशीच थांबली.

मला केव्हा कळलं? नंतर विचार करून, पुरावा बघून? नाही. त्याचं वाक्य संपायच्या आत कळलं. भोक, फिनेल, पारशी, गार्ड, 'आरामात बसा मास्तर' — एका झटक्यात सगळं जागच्या जागी बसलं. माझ्या आयुष्यात एवढं लख्ख मला दुसरं काही कळलेलं नाही.

बाबा म्हणाले, "काय म्हनते हा, मास्तर?" ते मला मास्तरच म्हणायचे. अभिमानानं.

आणि मी हसलो. हसून म्हणालो, "इंग्लंडात याला हॅट-चेअर म्हणतात, बाबा. माझ्या पुस्तकात चित्र आहे." पुस्तक नव्हतं. चित्र नव्हतं. तो शब्दही मी तिथंच उभ्या उभ्या घडवला. एवढ्यावर थांबलो असतो तर? — पण थांबलो नाही ना. मी नथ्थूकडे वळलो आणि विचारलं, "तुला वाचता येतं का रे?"

"नाई जी."

"मग?"

लोक हसले. सगळ्यांत मोठ्यानं वकील हसले. टोपी त्यांची आत होती. नथ्थू खाली बघत उभा राहिला. बाबांनी त्याला पोस्त म्हणून नवं धोतर दिलं आणि म्हणाले, "जाऊ दे बापू, सनाचा दिस हाय. होते एखाद्या वक्ती." तो धोतर घेऊन गेला.

पुढची गंमत ऐका. वकिलांना ती हॅट-चेअर इतकी पसंत पडली की त्यांनी सुताराला बोलावून, माप घेऊन, हुबेहूब दुसरी करून घेतली. भोकासकट. ती त्यांच्या बैठकीत पक्षकारांसमोर असायची. ती पाहून एका सावकारानं केली. एक अकोटला गेली, व्याह्याकडे, भेट म्हणून. अजूनही अकोल्यात बऱ्या घरी जाल तर बघा, बैठकीचं झाकण उघडून मोठ्या मानानं तुमची टोपी मागतील. द्या. त्या नव्या खुर्च्या स्वच्छ आहेत.

पण जसजशा खुर्च्या वाढल्या, तसतसा नथ्थू खोटा होत गेला. गल्लीनं त्याचं नाव 'कमोट' पाडलं. ते मी पाडलं नाही. पडू दिलं. काही महिन्यांनी वकील मला म्हणाले, "मास्तर, तो झाडूवाला तोंडाळ झालाय. माझी म्युनिसिपल कमिटीत ओळख आहे, दुसरीकडे टाकायला सांगू का?" त्याचं खोपटं आमच्या गल्लीच्या मागंच होतं. हे मला माहीत होतं. मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." शब्द हेच. एक इकडचा तिकडे नाही. नथ्थूला मोर्णेपलीकडचा भाग मिळाला. पहाटे नदी ओलांडून जायचा. घरी परतेपर्यंत ऊन चढलेलं असायचं.

खुर्ची मी हलवली का? तीही नाही. हलवली तर नथ्थू खरा ठरेल! बाबा तिचं आतलं भोक रोज फडक्यानं पुसायचे, कडुनिंबाची पानं घालायचे. एका दुपारी पुसता पुसता थांबले. म्हणाले, "मास्तर, त्या नथ्थूले खोटं बोलून काय भेटनार होतं गा?"

ओसरीवर आम्ही दोघंच होतो. तिसरं कुणी नाही. एवढी सोपी वेळ माणसाला परत मिळत नाही.

मी म्हणालो, "माणसाचा गैरसमज होतो, बाबा."

"हो," ते म्हणाले, "तू शिकलेला हायेस." आणि पागोटं आत ठेवलं.

त्यानंतर सहा वर्षं ते जगले. सहा वर्षं, रोज सकाळी, दोन्ही हातांनी. मी कधी शाळेला निघता निघता बघायचो, कधी मुद्दाम नाही बघायचो.

बाबा गेल्यावर वर्षभरानं मला नथ्थू भेटला. मी सायकलवरून शाळेत चाललो होतो, तो नदीकडून झाडू खांद्यावर टाकून येत होता. मला पाहून बाजूला झाला. मी उतरलो. त्यानं विचारलं, "बाबाजी कशे हायेत?" मी सांगितलं. त्यानं खांद्यावरचा झाडू खाली टेकवला. मग म्हणाला, "लय चांगला मानूस जी. मले धोतर देल्लं होतं." खुर्चीचं त्यानं काढलं नाही. मीही काढलं नाही. रस्त्यावर आम्ही दोघं, शाळेला अजून अवकाश, आणि वाक्य पाच-सहा शब्दांचं. ते जिभेवर होतं. खरंच होतं.

तेवढ्यात समोरच्या चहाच्या दुकानातून कुणीतरी हाक मारली, "ए कमोट!"

आणि नथ्थू वळून म्हणाला, "जी, आलो." सहज. माणूस आपल्या नावाला ओ देतो तसा.

मी सायकलवर बसलो आणि शाळेत गेलो. पहिला तास इंग्रजीचा होता. तो मी नेहमीसारखा चांगला घेतला.