गंगाबाईच्या तीन मेंढ्या

हे मी आजवर कोणालेच सांगतलं नाही. बायकोलेबी नाही. तुम्हाले कावून सांगून राहिलो? मलेच नाही समजत.

रामाकोना गावची गंगाबाई. एकटी बाई, अकरा मेंढ्या, तोच तिचा संसार. भारी जातीच्या मेंढीचा गर्भ साध्या मेंढीच्या पोटात वाढवायचा, अशी योजना आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आली. मी तिथं मदतनीस. मेंढीचं पोट कापायचं म्हणून ती भेत होती — मीच गळ घातली. एक कोकरू तुमचं राहीन, म्हणलं. मी आहो ना, म्हणलं. भाऊ म्हणे ती मले.

यात सारा खेळ दिवसाचा. गर्भ देणारी अन् घेणारी, दोघी एकाच वक्ती माजावर पाहिजेत. म्हणून मेंढ्याईच्या आत औषधाचे बोळे ठेवतात अन् सगळ्याईचे एकदमच काढतात; काढले का दोनेक दिवसांत माज येते. गंगाबाईच्या अकरातल्या आठ निवडल्या होत्या; त्यातल्या पाचीचे मी काढले. मग — तिगावले सोयरिकीचं जेवण होतं. उरलेल्या तिघीचे दोन दिवसांनी काढले. जेवणासाठी! थूत् माह्या जिंदगीवर.

पुढं नस कापलेला, म्हणजे चढते पण गाभण करत नाही असा मेंढा छातीले गेरू फासून सोडला. तो जिच्यावर चढला, तिच्या मागं गेरू लागते, ती माजावर. पाच रंगल्या. त्या तिघी कोऱ्याच. मी बोटानं त्याईले गेरू लावला अन् वहीत आठ लिहिल्या. गंगाबाई पाहून राहिली होती. तिले वाटलं, असंच करत असतीन. हात धुवाले पाणी तिनंच ओतलं.

डॉक्टरांनी आठही मेंढ्याईचं पोट उघडून गर्भ ठेवले. ती एकेकीचं मुंडकं मांडीवर धरून बसली. त्या तिघी काही गाभण राहिल्या नाहीत. एक तर टाक्यात पू होऊन मेली. डॉक्टरांनी विचारलं, हे कसं झालं? मी सांगतलं, बाईनं उन्हात लांब चाराले नेल्या, ऐकतच नाही. केसानं गळा कापणं म्हणतात, ते हेच नाही तर काय? डॉक्टर म्हणाले, हिचं नाव योजनेतून काढा, कोकरू भेटणार नाही.

ती भांडली नाही. माह्याकडं पाहून तिनं विचारलं, "भाऊ, त्या तिघीले गेरू तुम्हीच लावला होता नं?"

मी म्हणलं, "साहेब, बाई खोटं बोलून राहिली."

डॉक्टरांनी माह्यं खरं धरलं.